चाळणीतून पास झालेली नोटीस

वार्षिक सभेच्या दिवशी सकाळी मुरलीभाऊ सोनवणे मंजन घासत स्वतःच्या दारात उभे होते. तेवढ्यात साक्रीकडचे एक म्हातारे मामा रिक्षातून उतरले. डोक्याला टॉवेल, डोळे भरलेले. मुरलीभाऊंना पाहून ते फाटकातच थिजले.

"कोन गया, मामा?" मुरलीभाऊंनी घाबरून विचारलं.

"तूच गया ना भो! नोटीसमा लिखेल शे!"

मामांनी खिशातून घडी केलेली नोटीस काढली. त्यात खरंच लिहिलं होतं. श्रद्धांजली: कै. मुरलीधर भिला सोनवणे. मुरलीभाऊंनी ते वाचलं आणि मंजन गिळलं.

इथपर्यंतचा किस्सा मी आजवर शंभर ठिकाणी सांगितला असेल. कॉलेजांतल्या व्याख्यानांत, लग्नाच्या पंगतीत, रेल्वेत. लोक हसून हसून लाल होतात. मग कुणीतरी विचारतं, "पण त्यांचं नाव तिथे आलं कसं?" मी म्हणतो, "ऑपरेटरची चूक." आणि विषय बदलतो. तेवढं एक वाक्य खोटं आहे. ते दुरुस्त करायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता वय झालं. यापुढे टाळण्यात अर्थ नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. जळगावात एका कापडदुकानाच्या माडीवर माझं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मी सॉफ्टवेअर लिहीत असे. तेव्हा हा धंदा लोकांना समजावून सांगणं हेच निम्मं काम होतं. घरमालक मला टीव्ही दुरुस्त करणारा समजत. मी दोनदा त्यांचा टीव्ही दुरुस्त केलाही.

धुळ्याजवळच्या एका सहकारी जिनिंग-प्रेसिंग सोसायटीचं काम मला मिळालं. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणं आणि प्रेसिंग म्हणजे उरलेल्या रुईच्या गाठी बांधणं. सोसायटी कापसाची होती, पण तिथे कागद कापसापेक्षा जास्त होता. सभासदांना नोटिसा, विषयपत्रिका, ठराव, इतिवृत्त, वार्षिक अहवाल. हे सगळं मुरलीभाऊ करायचे. ते ऑफिसचे हेड क्लार्क होते. मराठी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायची, ती सायक्लोस्टाइल मशीनवर चढवायची आणि हँडल फिरवत बसायचं. सभेच्या आधीचे दोन आठवडे त्यांची बोटं काळी असायची.

टाइप झालं की रुजवात. म्हणजे एकानं मूळ मसुदा मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून जुळवून बघायचं. मुरलीभाऊंचा आवाज खणखणीत होता आणि ते विरामचिन्हंसुद्धा उच्चारत. "सोसायटीच्या आवारात स्वल्पविराम मांडवाखाली स्वल्पविराम भरणार आहे पूर्णविराम." बाहेर गाठी उचलणाऱ्या हमालांना सभेचे विषय संचालकांच्या आधी पाठ व्हायचे.

मी दोन प्रोग्राम लिहिले. पहिला कागद तयार करायचा. त्यात प्रत्येक कागदाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, ठेवलेला असे. तारीख, नावं, विषय भरले की कागद तयार. दुसरा प्रोग्राम तो कागद तपासायचा. तारीख राहिली का, एका पानावर एक नाव आणि दुसऱ्या पानावर दुसरं असं झालं का, कुठे जागा कोरी राहिली का. चूक सापडली की छपाई बंद. पहिल्याचं नाव मी 'जातं' ठेवलं आणि दुसऱ्याचं 'चाळणी'. नावं ऐकून संचालक मंडळ इतकं खूश झालं की मशीन काय करतं हे कुणी विचारलंच नाही.

सगळ्यात खूश मुरलीभाऊ. ज्याचं काम जाणार तो माणूस रुसतो, असा माझा अनुभव होता. इथे उलटं होतं. त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. चपला बाहेर काढायला लावल्या, चेअरमनलासुद्धा. दारावर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'मशीन चालू आहे. शिंकू नये.' सरकीच्या धुळीनं तिथे सगळेच शिंकायचे. शिंक आली की माणूस धावत अंगणात जायचा, शिंकायचा, परत यायचा.

प्रोग्राम लिहिताना डमी डेटा लागतो. म्हणजे खोटीखोटी माहिती, फक्त चाचणीसाठी. मी मुरलीभाऊंना म्हटलं, "एखादं नाव सांगा."

"माझंच टाका ना सर. सोसायटीच्या कागदावर आमचं नाव सगळ्यात खाली, 'टंकलेखक' म्हणून. जरा वरच्या मजल्यावर राहून येऊ द्या त्याला."

मी टाकलं.

सोसायटीत दोन गट होते. पांझरा नदीच्या अलीकडची गावं चेअरमन आबांची, पलीकडची व्हाइस चेअरमन नानांची. दोघांचं कशावर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एक अपवाद होता. जुने सचिव निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी मुरलीभाऊंना नेमायचं, हे दोघांनाही मान्य होतं. येत्या वार्षिक सभेतच तो विषय होता. हेड क्लार्कचा सचिव होणं म्हणजे स्वतःची केबिन, सहीचा अधिकार आणि लोकांनी 'साहेब' म्हणणं. मुरलीभाऊंच्या पत्नीनं सफारीचं कापड शिंप्याकडे टाकलंसुद्धा होतं. शिंपी दर दोन दिवसांनी विचारायचा, "साहेब झाले का? शिवू का?"

संचालकांपुढे पहिला डेमो झाला तेव्हा चाळणीनं छपाईच थांबवली. स्क्रीनवर चुकांची रांग लागली. सगळ्या एकाच प्रकारच्या: जागा कोरी आहे, जागा कोरी आहे.

नाना पोट धरून हसले. "आबा, मशीन तुमच्यावर गेलं. आलं नाही तोच दुसऱ्याच्या चुका काढायला लागलं."

"आणि नाना, कामाच्या वेळी बंद पडलं, ते तुमच्यावर," आबा म्हणाले.

मी घामाघूम. मुरलीभाऊंनी मला बाजूला घेतलं.

"सर, त्या जागा कोऱ्याच ठेवायच्या असतात."

"का?"

"अध्यक्षस्थानी कोण, हे आपण छापत नाही. आबांचं छापलं तर नानांची गावं येत नाहीत. नानांचं छापलं तर आबांची. आदल्या दिवशी दोघं चहावर ठरवतात. मग मांडवात 'तुम्ही बसा आबा', 'छे, तुम्ही बसा नाना' असं सगळ्यांसमोर करतात आणि ठरलेला माणूस बसतो. पोटनियमात काय आहे ते कुणी बघत नाही. सूचक, अनुमोदक, आभार, सगळं तसंच. एक अलीकडचा, एक पलीकडचा. तिथल्या तिथे पेनानं भरायचं."

"आणि श्रद्धांजलीची जागा?"

"ती तर कोरी पाहिजेच. सभेच्या दिवसापर्यंत कोण जाईल, आज कसं सांगणार?"

मला हे पटायला हवं होतं. पण मी तेव्हा फार हुशार होतो. मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये कोरी जागा ही चूकच असते."

दुसऱ्या डेमोला अमळनेरच्या एका तेल गिरणीचे मॅनेजर येणार होते. सावद्याच्या केळी उत्पादकांचाही निरोप आला होता, चांगलं असेल तर आम्हालाही पाहिजे. मला शून्य चुका दाखवायच्या होत्या. मी चाळणीतच एक नियम लिहिला. जागा कोरी असेल तर डमी डेटातलं नाव उचल. याला डिफॉल्ट म्हणतात. तुम्ही काही सांगितलं नाही तर मशीन स्वतःहून जे धरून चालतं ते डिफॉल्ट. डमी डेटात नाव एकच होतं. डेमो झाला की नियम काढून टाकायचा, असं मी ठरवलं होतं.

डेमो बहारदार झाला. प्रिंटर किंचाळत होता, कागद झरझर खाली येत होता, सगळे त्याकडे बाळाकडे बघावं तसं बघत होते. कुणीही कागद वाचला नाही. सगळ्यांनी फक्त शेवटची ओळ बघितली. 'चुका: शून्य.' आबांनी टाळी दिली, चुकून ती नानांच्या हातावर पडली. नारळ फुटला, पेढे आले. अमळनेरचे मॅनेजर म्हणाले, "आमच्याकडे कधी येता?"

मी हवेत होतो. त्याच दुपारी सावद्याची एसटी पकडायची होती. निघताना मुरलीभाऊ फाटकापर्यंत आले.

"सर, कोऱ्या जागांचं काय झालं? आता शून्य कसं आलं?"

"सुधारणा केली. तुमच्या जागा कोऱ्याच येतील."

"छापल्यावर एकदा रुजवात घेऊ?"

"मुरलीभाऊ, चाळणीनं शून्य म्हटल्यावर रुजवात? डोळे मिटून पोस्टात टाका."

छपाईच्या आधी मी परत येणार होतो, म्हणून बेधडक बोललो. पण सावद्याला लोकांनी ठेवून घेतलं. केळीच्या बागा दाखवल्या, वाफ्यांत बसवून भरताचं जेवण दिलं, तीन ठिकाणी डेमो घेतले. धुळ्याहून मुरलीभाऊंचा ट्रंककॉल आला: "सर, नोटिशीची मुदत जवळ आली. छापू का?" माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात केळं. मी म्हटलं, "छापून टाका." नियमाची आठवण मला झाली नाही.

तिकडे ऑफिसात दिवाळी. पहिल्यांदाच कुणाची बोटं काळी झाली नव्हती. प्रिंटरच्या कागदाला दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असत, त्या फाडून टाकायच्या. स्टाफनं त्या पट्ट्यांचे हार केले आणि मॉनिटरला, प्रिंटरला, शिपायाला आणि मुरलीभाऊंना घातले. मी सांगितल्याप्रमाणे कुणी वाचलं नाही. शून्य बघितलं, घड्या घातल्या, तिकिटं लावली, पोस्टात टाकल्या. गावोगावच्या सभासदांनीही सवयीप्रमाणे तारीख तेवढी बघून नोटीस खुंटीला अडकवली; नीट वाचली ती सभेच्या सकाळी, वाटेत.

मी सभेच्या दिवशी सकाळी धुळ्याला उतरलो तो थेट मांडवात. अमळनेरचे मॅनेजरही कौतुकानं आले होते. मांडवात हसण्याचा नुसता कल्लोळ. माझ्या हातात कुणीतरी नोटीस दिली.

अध्यक्षस्थानी: श्री. मुरलीधर भिला सोनवणे. प्रमुख पाहुणे: तेच. ठरावाचे सूचक: तेच. अनुमोदक: तेच. श्रद्धांजली: तेच. आभार प्रदर्शन: तेच.

नियम काढायचा राहिला, हे मला तिथे कळलं. पण खोटं कशाला सांगू, मला हसूही आलं.

आबा आणि नाना मांडवाच्या दोन टोकांना लाल होऊन उभे होते. आबांना वाटत होतं, क्लार्कला नानांनी उभा केला. नानांना वाटत होतं, आबांनी. सभासदांना मात्र असा आनंद कधी मिळालाच नव्हता. मागून एक जण ओरडला, "आते खुर्चीवर मुरलीच बसी!" लगेच दुसरा, "बरोबर शे! नोटीस बठ्ठासले येल शे!" म्हणजे नोटीस सगळ्यांनाच आली आहे. आणि नदीच्या दोन्ही काठांची गावं पहिल्यांदा एका सुरात ओरडायला लागली. मुरली! मुरली!

मुरलीभाऊ हात जोडून नाही नाही म्हणत होते. दोघा-तिघांनी त्यांना उचललं आणि खुर्चीवर ठेवलं.

सुरुवातीला ते खुर्चीच्या कडेवरच बसले. मग माणूस रंगात आला. ठराव पहिला, सूचक मी, अनुमोदक मी, विरोध कुणाचा आहे का? टाळ्या. ठराव मंजूर. दर वर्षी संध्याकाळपर्यंत भांडत चालणारे विषय धडाधड पुढे सरकले. मग श्रद्धांजली आली. सगळे उभे राहिले. मुरलीभाऊही उभे राहिले, स्वतःसाठी, डोळे मिटून, मान खाली घालून. मांडवात शांतता. एवढ्यात ते साक्रीकडचे मामा मोठ्यानं म्हणाले, "चांगला मानूस व्हता!"

त्यानंतर शांतता उरली नाही. खुर्च्या पडल्या. एकाचा दातांचा सेट निसटला. मीही डोळे पुसत होतो.

मग पुढचा विषय आला: सचिवपदावर नेमणूक.

आबा व्यासपीठाजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "हा विषय आज नको." नानांनीही मान हलवली. त्यांचं दुसरं एकमत झालं होतं. विषय तहकूब झाल्याचं जाहीर करणं हे अध्यक्षांचं काम. मुरलीभाऊंनी समोरच्या पहिल्या रांगेत बसलेल्या पत्नीकडे बघितलं, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात ते जाहीर केलं. मग नोटिशीत होतं म्हणून स्वतःचे आभार मानले. लोक पुन्हा हसले.

दुसऱ्या दिवशी आबांच्या केबिनमध्ये चौकशी. आबा, नाना, मुरलीभाऊ आणि मी. अमळनेरचे मॅनेजर रात्री मुक्कामाला राहिले होते, तेही कोपऱ्यात चहा घेत होते.

आबांनी मला विचारलं, "साहेब, एकच सांगा. मशीन चूक करतं का?"

अमळनेरच्या मॅनेजरांचा कप हवेत थांबला. मला तो दिसला.

"मशीनमध्ये जे घालाल तेच बाहेर येतं," मी म्हटलं.

हे वाक्य खरं आहे. पुस्तकांत असतं.

"मग घातलं कोणी?"

"नावं भरायचं काम ऑफिसकडे असतं."

मुरलीभाऊ विचारात पडले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, चाचणीच्या वेळी माझं नाव टाकलं होतं ना आपण, ते पुसायचं माझ्याकडून राहिलं का?"

तेव्हाच सांगता आलं असतं. एका वाक्यात. नियम माझा होता, मुरलीभाऊंना तो माहीतच नव्हता, आणि वाचू नका हे मी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

"खुर्चीची एवढी घाई झाली होती का रे मुरली?" आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त वाईट ऐकू आलं.

सचिव म्हणून बाहेरचा एक निवृत्त अधिकारी आणला गेला. मुरलीभाऊंना जिनच्या फाटकाजवळ वजनकाट्यावर पाठवलं. गाडी आली की वजन घ्यायचं, गेली की घ्यायचं. तिथूनच ते निवृत्त झाले. सफारीचं कापड शिंप्यानं परत दिलं.

अमळनेरची ऑर्डर मला मिळाली. सावद्याचीही. पुढे दीपनगरच्या कॉलनीतल्या एका संस्थेची. सोसायटीतल्या मशीनमधला तो नियम मी त्याच आठवड्यात गुपचूप काढून टाकला. माझं काम शिकणाऱ्या प्रत्येकाला मी नंतर एक गोष्ट बजावत आलो: कागद तपासणाऱ्या प्रोग्रामला कागद दुरुस्त करू देऊ नका, आणि त्यानं कितीही शून्य म्हटलं तरी माणसाला एकदा वाचू द्या. धडा चांगला आहे. तो कुणाच्या जिवावर शिकलो, हे मी कधी बोललो नाही.

बऱ्याच वर्षांनी, ते निवृत्त झाल्याचं कळल्यावर, मी एकदा ठरवून देवपूरला त्यांच्या घरी गेलो. धुळ्याच्या एसटीत बसून सगळी वाक्यं तोंडपाठ केली होती. मुरलीभाऊंनी दारातच मिठी मारली. नातवंडांना गोळा केलं. "हेच ते सर! खान्देशात कॉम्प्युटर यांनीच आणला!" ते खरं नव्हतं, पण त्यांनी ऐकलं नाही. मग त्या सभेची नक्कल करून दाखवली. डोळे मिटून स्वतःला श्रद्धांजली वाहिली. मामांचा आवाज काढला. नातवंडं लोळत होती. मीही हसलो.

मुलं पांगली. चहा आला. मी कप खाली ठेवला. "मुरलीभाऊ, मी आज एक सांगायला आलोय."

"आधी मी सांगतो सर." त्यांनी माझा हात धरला. "इतकी वर्षं मनात आहे. त्या दिवशी केबिनमध्ये अमळनेरचे साहेब बसलेले. माझ्या एका गलथानपणानं तुमचं सॉफ्टवेअर बदनाम झालं असतं, तुमची ऑर्डर गेली असती. नाव पुसायला विसरलो मी आणि तोंड लपवायची वेळ आली तुमच्यावर. तुम्ही सगळ्यांसमोर सांभाळून घेतलंत. 'होतं असं कधी कधी' म्हणालात. दुसरा असता तर माझी नोकरीच घालवली असती." त्यांनी हात जोडले. "मला माफ करा सर."

त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि म्हणालो, "जाऊ द्या मुरलीभाऊ. मनात ठेवू नका."

त्यांचा चेहरा इतका उजळला की पुढे काही बोलता येईना. परत जाईन, सांगेन, असं म्हणत राहिलो. जाणं झालं नाही, आणि आता ते नाहीत.

मी माफी मागायला गेलो होतो. माफ करून आलो.